मागच्या सीटवरची जागा

एकवीरला दवाखान्यातून घरी आणायचं होतं, त्या दिवशी सकाळीच कमलेशने गाडीतून प्राप्तीची सीट सोडवली आणि ओटीवर आणून ठेवली. आपटली नाही, नीट ठेवली. धूळ बसू नये म्हणून वर जुना टॉवेलही टाकला. फक्त विचारलं नाही. ऋतिका आतल्या खोलीत लेकीला मांडीवर घेऊन तेल लावत होती. खिडकीतून तिला सगळं दिसलं, आणि तिचा हात लेकीच्या पोटरीवर होता तिथेच थांबला.

ती सीट तिच्या भावाने दिलेली. बाळंतविड्यात लोक कुंची आणतात, बिंदल्या आणतात. बाळकुमच्या दर्शनने भाचीसाठी कारसीट आणली. ती उलटी बसवायची, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. पहिल्यांदा बघितल्यावर सासूबाई, सगुणा, म्हणाल्या होत्या, पोर उलटी कनाला बसवायची, तिला रस्ता दिसायला नको? दर्शनने समजावलं की गाडीने अचानक ब्रेक मारला तर झटका एकट्या मानेला न बसता सगळ्या पाठीवर वाटला जातो, म्हणून तान्ह्या बाळाला असंच बसवतात. सगुणाला पटलं की नाही कोण जाणे, पण आंबिवलीत त्यांच्या आळीत अशी वस्तू कुणाच्याच गाडीत नव्हती. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून ऋतिकाच्या माहेरचं काही बघायला कुणी आलं, ते तेवढंच.

घर खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यांच्या, नामांच्या, भातशेतीवर आता टॉवर उभे होते आणि दोन्ही मुलांची, कमलेश आणि देवेशची, वागळे इस्टेटमध्ये ग्रिल-दरवाजे बनवायची शेड होती. गाडी मात्र दोघा भावांत एकच. थोरल्या कमलेशला आणि जागृतीला बरीच वर्षं मूल नव्हतं. धाकट्या देवेशचं ऋतिकाशी लग्न झालं, आणि वर्ष सरायच्या आत दोघी जावांना बरोबरच दिवस राहिले. सगुणाने एकवीरा आईला दोन ओट्या बोलल्या. पण जागृतीचं बाळ सातव्या महिन्यातच आलं, ओंजळीत मावेल एवढं. नवसाचं म्हणून एकवीर हे नाव ठेवलं, तेही ठाण्याच्या दवाखान्यात, तो काचेच्या पेटीत असताना.

प्राप्ती त्यानंतर झाली. पुऱ्या दिवसांची, गुटगुटीत, भरपूर केसांची. तिच्या बारशाला नाचायला बेंजो नको, मोठं जेवण नको, असं सगुणानेच ठरवलं, कारण पेटीतल्या पोराचा भरवसा नव्हता. बाळ पाळण्यात घालत होते तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला आणि अर्ध्या बायका पाळणा सोडून फोनभोवती गोळा झाल्या. ऋतिकाने तेव्हा मनाला समजावलं, आजारी बाळ आहे, असं व्हायचंच.

एकवीरला घरी सोडण्याआधी तिथल्या हेमांगी डॉक्टरांनी त्याला तशाच एका उलट्या सीटमध्ये बसवून, अंगाला तारा लावून, आंबिवलीला पोचायला लागेल त्याहून जास्त वेळ पारखलं होतं. तो बसला, झोपला, मान कलंडली, हनुवटी छातीला टेकली, आणि पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, याला अजून बसवून नेता यायचं नाही, आडवं झोपवूनच न्यावं लागेल. त्यासाठी गाडीत बांधायचा बेड असतो. इथे तो कुठे मिळेना, म्हणून कमलेशने परदेशातल्या मित्राकडून आणवला. लांबट, उंच कडांचा, आत गादी आणि बाळाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. तो मागच्या सीटवर आडवा बांधायचा, बाळाचं डोकं दाराकडे नाही, तर गाडीच्या मध्याकडे. त्यातच दोन माणसांची जागा जायची. उरलेल्या जागेत जागृती बसायची, पोरावर डोळा ठेवून. मग प्राप्तीच्या सीटला जागा कुठून उरणार?

हे सगळं ऋतिकाला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती कुणाला बोलू शकत नव्हती, आणि जे बोलता येत नाही ते पोटात जास्त दुखतं.

एकवीर घरी आला तेव्हा फाटकाशी बेंजो वाजला. प्राप्तीच्या बारशाला जो वाजला नव्हता तोच. सगुणाने बेडसकट नातवाला ओवाळलं, आणि येणारे-जाणारे त्या बेडात डोकावून डोळे पुसू लागले. प्राप्ती ऋतिकाच्या खांद्यावर होती. एका म्हातारीने तिचा गाल ओढला आणि म्हणाली, हिचं काय, ही धडधाकट हाय. त्या दिवसापासून हे वाक्य ऋतिकाला घरात सारखं ऐकू यायला लागलं. प्राप्ती रडली तर रडू दे, धडधाकट आहे. प्राप्तीला खोकला झाला तर एकवीरपासून लांब ठेवा, तिचं काय, ती धडधाकट आहे. जणू नीट जन्माला येणं हा पोरीचा आगाऊपणाच झाला.

गाडी दर आठवड्याला ठाण्याला जायची. डोळे दाखवायला, छाती दाखवायला, वजन करायला. दवाखान्यापासून ऋतिकाचं माहेर, बाळकुम, हाकेच्या अंतरावर. पण बेड बांधल्यावर मागे जागा नाही आणि पुढे तान्ही पोर घेऊन बसायचं नाही. ऋतिका माहेरी निघाली की रिक्षा, एसटी, पुन्हा रिक्षा असं करत, प्राप्तीला छातीशी बांधून जायची. एकदा कोनच्या नाक्यावर ती एसटीत उभी असताना शेजारून त्यांचीच गाडी गेली. मागे जागृती बेडावर वाकलेली, पुढे कमलेश, काचा बंद, एसी चालू. ऋतिकाला वाटलं, आपल्या लेकीलाही काहीतरी झालं असतं तर. विचार आला तसा तिने तो झटकला आणि पोरीची टाळू हुंगत राहिली. पण आला होता, हे खरं.

ओटीवरची सीट पुढे माळ्यावर गेली. जागृतीनेच कमलेशला ती वर टाकायला सांगितलं, हेही ऋतिकाच्या कानावर आलं. मग तिला जागृतीचं सगळंच खुपायला लागलं. दुपारी पोरं निजली की भिंतीपलीकडून एकवीरच्या श्वासाची फुरफुर ऐकू यायची. लहानसं यंत्र चालू असावं तशी. त्या आवाजाकडे सगळं घर कान लावून बसायचं. ऋतिकाच्या मनात यायचं, माझ्या पोरीचा श्वास ऐकायला कुणी थांबलंय का कधी?

दर्शनचं लग्न ठरलं. हळद बाळकुमलाच होती आणि सगळ्या घराला आवतण होतं. ऋतिकाचं एकच मागणं होतं, की भावाच्या हळदीला लेक भावाने दिलेल्या सीटमध्ये बसून जावी. देवेशला तिने तसं सांगितलं. देवेश म्हणाला, अगं, एका दिवसाचं काय घेऊन बसलीस, वहिनीला बेड लागणारच ना. ऋतिका दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना जागृतीला म्हणाली, “वहिनी, एकवीर आता किती भरलाय. आता बेडची गरज त्याला नाही, तुम्हालाच आहे.”

जागृतीची थापत असलेली भाकरी मोडली. तिने पीठ गोळा करून पुन्हा मळायला घेतलं. ऋतिकाला मात्र बरं वाटलं. खडा बरोबर बसला होता.

हळदीच्या सकाळी कमलेश आईवडिलांना घेऊन आळीतल्या पाहुण्यांबरोबर टेम्पो ट्रॅव्हलरने पुढे गेला. देवेशने दोघी जावांना आणि पोरांना गाडीने आणायचं होतं; एक दिवसापुरतं ऋतिकाने पोर घेऊन पुढे बसावं, असं ठरलं होतं. ऋतिका नऊवारी नेसून, प्राप्तीला नटवून बाहेर आली, तर अंगणात वेगळंच चाललं होतं. जागृतीने देवेशला सांगून बेड काढून ठेवला होता. माळ्यावरून सीट उतरवली होती, पुसली होती, आणि देवेश ती मागच्या डाव्या खिडकीशी बांधत होता. ऋतिकाचा जीव क्षणभर हरखला. मग जागृतीने एकवीरला उचलला आणि त्या सीटमध्ये ठेवला.

“डॉक्टरांना विचारलंय का, वहिनी?” देवेश म्हणाला.

“काय विचारायचंय. भरलाय आता तो,” जागृती म्हणाली आणि ऋतिकाकडे बघितलं. “हो ना गं?”

हेमांगी डॉक्टरांचं म्हणणं ऋतिकाला पाठ होतं. पुन्हा पारखल्याशिवाय बसवायचा नाही. एकदा ती स्वतः दवाखान्यात गेली होती तेव्हा तिच्या समोरच त्या बोलल्या होत्या. नाही म्हणायला एक शब्द लागला असता. पण तिच्या मनात तेव्हा दुसरंच उसळत होतं. भावाने दिलेली सीट, भावाची हळद, आणि त्या सीटमध्येही तोच. तिची लेक पुन्हा मांडीवर. ती म्हणाली, “तुमचं पोर, तुम्ही बघा.”

जागृती पुढे बसली. म्हणाली, आज मी पुढे बसते, किती दिवसांत रस्ता बघितला नाही. मागे ऋतिका, मांडीवर प्राप्ती, आणि शेजारी सीटमध्ये एकवीर, पाठ पुढच्यांकडे करून. त्याचं तोंड फक्त ऋतिकालाच दिसत होतं.

आणि तिने ते बघायचं नाही असं ठरवलं होतं.

दुर्गाडीचा पूल गेला, कोन गेलं. रांजणोली नाक्याला कंटेनरांची रांग लागली होती, गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. जागृती पुढून देवेशशी बोलत होती, ही दुकानं कधी झाली, हा पूल कधी झाला, आणि तिचा आवाज इतका मोकळा होता की ऋतिकाने तो याआधी कधी ऐकला नव्हता. त्याचाही तिला राग आला. ती आपल्या बाजूच्या खिडकीतून गोदामांचे पत्रे बघत बसली. प्राप्ती पेंगली. एकवीरची फुरफुर शेजारी चालू होती. ऋतिका मनात म्हणाली, आता इथेही.

माणकोली मागे पडली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आवाज थांबलाय.

आधी तिला नुसतं हलकं वाटलं. मग मान आपोआप वळली. एकवीर झोपला होता. मान पुढे पडून हनुवटी छातीत रुतली होती, आणि ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते.

“देवेश, गाडी कडेला घे,” ती म्हणाली. आवाज इतका सपाट निघाला की देवेशने का म्हणून विचारलं नाही. गाडी थांबायच्या आत तिने झोपलेली प्राप्ती पुढच्या दोन सीटांमधून जागृतीच्या अंगावर जवळजवळ टाकली. सीटचं बक्कल तिच्या हातातलं होतं. एकवीर घरी येण्याआधी मायलेकी गाडीने बाळकुमला येऊन-जाऊन असताना तिने ते कितीदा लावलं-काढलं होतं. तिने एकवीरला सोडवला, गाडीच्या मागच्या सीटवर आडवा केला, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि तळपाय चोळायला लागली. जागृती दार उघडून मागे धावत आली तेव्हा पोर तसंच पडलेलं होतं. ऋतिकाने तळव्यावर नखाने टिचकी मारली. पुन्हा मारली. एकवीरने आचका दिला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि चिरका, रागावलेला, रडका आवाज काढला. ओठ हळूहळू गुलाबी झाले.

तिथून ठाण्याचा दवाखाना जवळ होता. एकवीर सबंध वाट जागृतीच्या मांडीवर आडवा होता आणि ऋतिकाने त्याची हनुवटी सोडली नाही. देवेशने प्राप्तीला सीटमध्ये बांधलं होतं. ऋतिकाला ते दवाखान्यात उतरतानाच दिसलं.

हेमांगी डॉक्टरांनी त्याला तपासून वॉर्डात ठेवून घेतला. आता बरा आहे, पण रात्रभर बघू, म्हणाल्या. कमलेश बाळकुमहून धावत आला होता. डॉक्टर ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, सीट वाईट नाही. प्राप्तीसाठी तीच चांगली आहे, अपघात झाला तर बेडपेक्षा सीटच बाळाला जास्त सांभाळते, म्हणून तिला मांडीवर नेणं हेही चुकलंच. पण याच्या मानेत अजून जोर नाही. मान पडली की श्वासाची वाट दुमडते, आणि तो रडतही नाही, नुसता गप्प होतो. म्हणून शेजारी बघणारं माणूस लागतं. मग त्यांनी विचारलं, सीटमध्ये बसवायचं कुणी ठरवलं?

“मी,” जागृती म्हणाली. कमलेश तिच्याकडे बघत राहिला आणि बाहेर निघून गेला.

दोघी जावा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या. ऋतिकाच्या नऊवारीवर दुधाचा डाग पडला होता.

मग जागृती म्हणाली, “मला प्राप्ती बघवत नाही. मान वर करून बघते ना, तेव्हा. म्हणून ती सीट मीच माळ्यावर टाकायला लावली. प्रत्येक सिग्नलला लोक बेडात डोकावतात आणि विचारतात, काय झालंय त्याला. मला एकदाच, फक्त एकदाच, तसं न्यायचं होतं त्याला. तुझ्या पोरीसारखं.”

ऋतिकाने मान खाली घातली. “मला त्याचा हेवा वाटायचा,” ती म्हणाली.

“कुणाचा?”

“एकवीरचा.”

जागृती तिच्याकडे बघतच राहिली. ऋतिकाला वाटलं होतं, ती जवळ घेईल, किंवा रडेल. जागृती उठून उभी राहिली. “माझ्या पोराचा कसला हेवा गं? नळ्यांचा? सुयांचा? तुझी पोर रडते तेव्हा तुला झोप लागत नाही. माझा गप्प झाला की मला लागत नाही. हा हेवा करायचा होता तुला?” ती हळू आवाजातच बोलली, पण ऋतिकाला तो आवाज तोंडावर मारल्यासारखा लागला. “आणि तुला माहीत होतं. मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तुला माहीत होतं.”

“होतं,” ऋतिका म्हणाली.

थोड्या वेळाने जागृती पुन्हा बसली, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून.

संध्याकाळी देवेश ऋतिकाला बाळकुमला घेऊन गेला. हळद जोरात होती, बेंजो वाजत होता, दर्शन पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता. त्याने भाचीला सीटमधून उतरवताना बघितलं आणि हसला. ऋतिकाने त्याला हळद लावली, आईला सगळं थोडक्यात सांगितलं, आणि नाचायला बोलावणाऱ्या मैत्रिणींना पाय दुखतात म्हणाली.

एकवीर घरी आल्यावर सगुणाने दोन्ही पोरांची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन उतरवल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, “बगा, कुनाची तरी लागली व्हती गो बाय.” जागृतीने ऋतिकाकडे बघितलं नाही. ते न बघणं ऋतिकाला बघण्यापेक्षा जड गेलं.

पुढचे कितीतरी दिवस दोघींचं बोलणं कामापुरतं होतं. डाळ शिजली का, पाणी आलं का. पण एक गोष्ट बदलली. ठाण्याला जायची वेळ आली की ऋतिका आधीच विचारायची, मी येऊ का. सुरुवातीला जागृती नको म्हणायची. मग एकदा तिला ताप होता म्हणून ऋतिका बेडाशेजारी बसून गेली, प्राप्तीला सगुणाकडे ठेवून. सबंध वाट ती पोराच्या छातीचं वरखाली होणं बघत गेली, आणि उतरल्यावर तिची मान धरली. आंबिवली ते ठाणे, जागृती इतके महिने हेच करत होती.

पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी एकवीरला पुन्हा पारखायचं ठरवलं. पुन्हा सीट, पुन्हा तारा. जागृतीला पडद्याकडे बघवेना, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, “तू बघ. खाली आला तर सांग.” ऋतिका बघत राहिली. एकवीर झोपला, मान थोडी कलली, आकडा हलला आणि तिथेच राहिला. शेवटपर्यंत राहिला. ऋतिकाने सांगितलं तेव्हा जागृतीने भिंतीलाच हात टेकले.

कमलेशने एकवीरसाठी नवी सीट घेतली. प्राप्तीच्या सीटहून मोठी, वर सावलीचं छत्र असलेली. ती दारात आली आणि ऋतिकाच्या पोटात पुन्हा तेच दुखलं. इतकं ओळखीचं की तिला स्वतःचंच हसू आलं. या वेळी मात्र ती आत कुढत बसली नाही. ओटीवर जाऊन कमलेशला म्हणाली, “भाऊजी, एकवीरची लावा, पण प्राप्तीची काढायची नाही. काढायची झाली तर मला विचारायचं.”

कमलेश ओशाळला. म्हणाला, काढतोय कशाला, दोन्ही बसतात की. आणि त्याने दोन्ही सीटा दोन खिडक्यांशी बांधल्या.

नवस फेडायला कार्ल्याला निघाले तेव्हा मागे दोन सीटांच्या मधोमध एकाच बाईपुरती जागा उरली होती. दोघी दाराशी थांबल्या. ऋतिका मागे सरली, कारण तो हक्क जागृतीचा.

“तू बस,” जागृती म्हणाली. “मी बसले तर एकाच बाजूला बघत राहीन.”

ऋतिका आत शिरली. तिनेही आधी प्राप्तीचाच पट्टा तपासला, आणि मग दुसऱ्या बाजूला वळली.